वानखडे की वानखेडे? बारीक अक्षर आणि नवी दाट स्क्रीन

हा आपल्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा सेटिंग बदलताना समोर पायऱ्या लिहिलेल्या हव्या असतात, त्यांच्यासाठी. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'ॲक्च्युअली' आणि खिडकीखालून गेलेल्या ऑटोचा हॉर्न तेवढा काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच आहे.

विषय असा की नवा लॅपटॉप घेतला, स्क्रीन एकदम झकास, फोटो बघावे तर डोळ्यांचं पारणं फिटतं, आणि मराठी मजकूर उघडला की काहीच दिसत नाही. ही तक्रार मी अकोटात इतक्या वेळा ऐकलीय की आता कोणी "जरा घरी येऊन जा ना, कंप्युटर पाहून दे" म्हणालं की मी चष्मा आणि रिझोल्यूशन या दोनच गोष्टी आधी विचारतो.

सगळ्यात जास्त ऐकलीय ती मामाकडून. मामाचं तहसीलच्या बाजूला सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे सगळं तिथे चालतं. त्याने जुना डबा काढून नवीन लॅपटॉप घेतला आणि चौथ्या दिवशी फोन. "अबे, हा नवा तं जुन्याहून बेकार आहे. अक्षरं मुंग्यायवानी दिसतात. काहीच दिसून नाई राह्यलं."

आता कोणी म्हणेल, बारीक दिसतंय तर डोळे जरा ताणायचे, त्यात काय एवढं. पण आपल्या वऱ्हाडात वानखडेही आहेत आणि वानखेडेही आहेत. बोडे आहेत आणि बोंडेही आहेत. यातला फरक म्हणजे एक मात्रा नाहीतर एक टिंब. मामाकडे एका मुलीचा अर्ज परत आला होता, कारण दाखल्यावर एक आडनाव आणि अर्जात दुसरं. प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर. पोरगी रडकुंडीला आलेली, तिचे वडील मजुरी बुडवून आलेले, आणि भानगड काय, तर ख वर एक मात्रा. सातबाऱ्यावरही तेच. बारीक छपाईत १ आणि ९ सारखेच दिसतात. ०.८१ हेक्टर आणि ०.८९ हेक्टर यांत आठ आरांचा फरक आहे, म्हणजे जवळपास आठ गुंठे. आठ गुंठ्यांवरून लोक बोलणं सोडतात एकमेकांशी.

तर मग जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर अक्षर बारीक का होतं?

हे समजायला आपण सतरंजी घेऊ. समजा विणणाऱ्याला सांगितलं की फूल सोळा धाग्यांचं काढ. सूत जाड असेल तर फूल तळहाताएवढं येईल. तेच सोळा धाग्यांचं फूल बारीक सुतात विणलं तर ते रुपयाएवढं येईल. नक्षी तीच, धागे तेवढेच, सूत बारीक म्हणून फूल बारीक. स्क्रीनवर धाग्यांच्या जागी पिक्सेल असतात. जुना प्रोग्राम म्हणतो 'हे अक्षर सोळा पिक्सेलचं काढ'. पिक्सेल दाट बसवलेले असले की ते अक्षर लहान येतं.

आकडे घालून बघू. मामाचा जुना मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८. हा मॉनिटर तुम्ही बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे पाहिलाय. त्यात एका इंचात साधारण ८५ पिक्सेल बसतात. नवा लॅपटॉप १४ इंची, १९२० बाय १०८०. त्यात एका इंचात १५७. सोळा पिक्सेलचं अक्षर, म्हणजे वरच्या वेलांटीपासून खालच्या उकारापर्यंतची पूर्ण उंची धरून, जुन्यावर ४.८ मिलिमीटर होतं. नव्यावर ते २.६ मिलिमीटर होतं. आणि १४ इंचीच पण २५६० बाय १६०० वाली महागडी स्क्रीन घेतली, एका इंचात २१६ पिक्सेलवाली, तर १.९ मिलिमीटर. जितके पैसे जास्त तितकं अक्षर लहान, असा उलटा कारभार.

पण सतरंजीचा दुसरा भागही ध्यानात घ्या. बारीक सुतात तळहाताएवढं फूल विणायचंच ठरवलं, तर त्यात तीस धागे लागतील आणि पाकळीची गोलाई इतकी सुरेख येईल की जाड सुतात ती कधी येणारच नाही. दाट स्क्रीनचा खरा फायदा हा आहे. तिच्यावर जास्त मजकूर कोंबायचा नसतो. तेवढ्याच आकाराचं अक्षर जास्त पिक्सेल देऊन रेखीव काढायचं असतं. माझं तर स्पष्ट मत आहे की ही गोष्ट दुकानदाराने बॉक्स उघडतानाच सांगायला पाहिजे. तो सांगत नाही. तो स्टिकर दाखवतो.

आता आपल्या लिपीकडे या, कारण हा त्रास इंग्रजी वाचणाऱ्याला होतो त्यापेक्षा आपल्याला जास्त होतो. देवनागरी ही तीन मजली इमारत आहे. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर. तळमजल्यावर उकार, रुकार, हलंत. 'मूर्तींना' हा शब्द बघा. म खाली उकार, आणि त वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघं एकाच खोलीत. किंवा आपल्याच तालुक्यातलं 'चोहोट्टा' घ्या, ट खाली ट. किंवा खुद्द 'वऱ्हाड', त्यातला तो पापणीसारखा अर्धा र. सोळा पिक्सेलच्या अक्षरात मधल्या मजल्याला निम्म्याहून थोडी जास्त उंची मिळते. उरलेल्या सहासात पिक्सेलमध्ये वरचा आणि खालचा, दोन्ही मजले. म्हणजे मात्रेला तीन-चार पिक्सेल, आणि अनुस्वाराला कसाबसा एक नाहीतर दोन. नव्या लॅपटॉपवर मधला मजला जेमतेम दीड मिलिमीटरचा उरतो. मग मात्रेचं काय राहिलं?

त्यात डोळ्याची स्वतःची मर्यादा. डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता आठवतो? ज्याची नजर ६/६ आहे, त्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. लॅपटॉप डोळ्यांपासून ५५ सेंटिमीटरवर असेल, तर तो तपशील होतो ०.१६ मिलिमीटर. आणि इंचात १५७ पिक्सेलवाल्या स्क्रीनचा एक पिक्सेल किती? तोही ०.१६ मिलिमीटर. म्हणजे एका पिक्सेलचं टिंब चांगल्या नजरेच्या माणसालाही काठावरच दिसतं. ज्याला चाळिशी लागलीय त्याचं तर विचारूच नका. शिवाय चाळिशीचा चष्मा बहुतेकदा पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे हातभरापेक्षा कमी अंतरासाठी दिलेला असतो. स्क्रीन असते त्याच्या पलीकडे. मग माणूस मान वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून बघतो आणि संध्याकाळी मान धरली म्हणून बाम चोळतो. चष्मा करताना डॉक्टरला 'मी दिवसभर कंप्युटरवर बसतो, इतक्या अंतरावर' असं टेपने मोजून सांगा. हा सल्ला सॉफ्टवेअरवाल्याचा असला तरी फुकट आहे.

आता उपाय. आधी जो करू नये तो सांगतो, कारण सगळे पहिल्यांदा तोच करतात. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करणं. १९२० चं १३६६ केलं की अक्षर मोठं दिसतं खरं, आणि माणूस खूश होतो. पण स्क्रीनवरचे पिक्सेल काही कमी होत नाहीत, ते काचेखाली कायमचे बसवलेले आहेत. त्यामुळे १३६६ चं चित्र ताणून १९२० वर पसरवावं लागतं. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला वाट्याला येतात १.४ पिक्सेल. आता एक पिक्सेल जाडीची शिरोरेघ १.४ पिक्सेल कशी होणार? एक पिक्सेल काळा आणि शेजारचा राखाडी, अशी. सगळ्या वेलांट्या, सगळी टिंबं अशीच राखाडी फेसाळतात. इंग्रजी अक्षर हे बऱ्यापैकी सहन करतं. आपली शिरोरेघ आडवी, सलग आणि प्रत्येक शब्दावर, त्यामुळे पूर्ण पान धुरकट दिसतं. पैसे बारीक सुताचे द्यायचे आणि वर ओलं पोतेरं फिरवायचं, असं ते आहे.

योग्य जागा म्हणजे त्याच पानावरचं 'स्केल'. विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करा, 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा. रिझोल्यूशन जे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा, आणि स्केल १०० टक्क्यांवरून १२५, १५०, १७५ असं वाढवत जा. इथे चित्र ताणलं जात नाही. प्रोग्रामला सांगितलं जातं की तू सोळा पिक्सेल म्हणतोस तिथे चोवीस वापर आणि अक्षर मूळ आराखड्यावरून नव्याने काढ. फॉन्टमध्ये अक्षराच्या कडेची रेषा गणिताने लिहिलेली असते, त्यामुळे ते कितीही मोठं काढलं तरी कड स्वच्छ राहते.

किती स्केल ठेवायचा? माझा हिशोब सोपा आहे. विंडोज आणि वेब, दोघंही जुन्या सवयीने धरून चालतात की एका इंचात ९६ पिक्सेल आहेत. तुमच्या स्क्रीनचे इंचातले पिक्सेल काढा आणि ९६ ने भागा. १५७ भागिले ९६, साधारण १.६. म्हणजे १५० टक्के. विंडोज स्वतःही अशा स्क्रीनला बहुतेकदा तेवढंच सुचवतं. पण मामाला १५० वरही बारीकच वाटत होतं, आणि त्याचं बरोबर होतं! त्याच्या डोळ्यांना सवय ८५ वाल्या मॉनिटरची, जिथे अक्षर ठरल्यापेक्षाही मोठंच दिसायचं. १५७ भागिले ८५ करा, १.८५ येतं. म्हणून त्याला १७५ टक्के केल्यावर बरं वाटलं. तुमची सवय ज्या मॉनिटरची असेल त्याने भागा. कोणी 'इतकं मोठं कशाला केलंय' म्हणून हसलं तर हसू द्या, अर्ज तुम्हाला भरायचाय.

स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या. काही जुने प्रोग्राम सुरू होतानाच स्केल विचारून घेतात, नंतर त्यांना कळत नाही.

स्केलखेरीज ॲक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट साइज' नावाची पट्टी आहे, १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत. ती फक्त मजकूर मोठा करते, बटणं-चित्रं तशीच. आधी स्केल, आणि तरी कमी पडलं तर ही. सगळे प्रोग्राम तिचं ऐकत नाहीत. मॅकवाल्यांना डिस्प्लेमध्ये 'लार्जर टेक्स्ट' ते 'मोअर स्पेस' असे पर्याय दिसतील, डावीकडे सरका. लिनक्सवर ग्नोम असेल तर डिस्प्लेमध्ये स्केल आहे आणि ॲक्सेसिबिलिटीत 'लार्ज टेक्स्ट'.

यानंतर सगळं छान व्हायला हवं, पण एक प्रोग्राम हमखास रुसून बसतो. बहुतेकदा तोच, ज्याच्यावर धंदा चालतो. जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर, जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम. स्केल वाढवला की बाकी सगळं चकाचक आणि हा एकटा मोतीबिंदू झाल्यासारखा धूसर. याचं कारण असं की तो प्रोग्राम लिहिला गेला तेव्हा इंचात ९६ सोडून काही असू शकतं ही कल्पनाच नव्हती. तो विंडोजला सांगूच शकत नाही की मला स्केल समजतो. मग विंडोज त्याला जुन्या मापाने चित्र काढू देतं आणि ते चित्र ताणून दाखवतं. म्हणजे वर सांगितलेलं पोतेरंच, फक्त एका खिडकीपुरतं.

यावर इलाज आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून सावकाश सांगतो. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', वरचा 'कंपॅटिबिलिटी' टॅब, तिथे खाली 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. उघडणाऱ्या खिडकीत अगदी खाली 'ओव्हरराइड' म्हणून चौकट आहे, तिच्यावर टिक करा आणि पर्यायांतून 'सिस्टम एनहान्स्ड' निवडा. ओके, प्रोग्राम बंद करून परत सुरू. हा पर्याय विंडोज १० मध्ये २०१७ च्या सुमारास आला. तो काय करतो, तर जुन्या पद्धतीने लिहिलेल्या मजकुराला मध्येच पकडून मोठ्या मापात नव्याने काढतो. चित्रं ताणलेलीच राहतात, अक्षरं मात्र स्वच्छ होतात. सगळ्याच प्रोग्रामना लागू पडत नाही, कुठे कुठे मांडणी विस्कटते. तसं झालं तर टिक काढून टाका, काही बिघडत नाही. त्याच यादीत 'ॲप्लिकेशन' नावाचाही पर्याय आहे. तो निवडला तर खिडकी धूसर राहणार नाही, पण परत मुंग्या.

क्लिअरटाइपबद्दलही विचारतात लोक. विंडोजच्या शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' लिहिलं की पाचेक पानांची चाचणी येते, 'यातला कुठला नमुना चांगला दिसतो' अशी. करून घ्या, दोन मिनिटांचं काम. पण त्याच्याकडून फार आशा ठेवू नका, आणि याचं कारण मजेशीर आहे. स्क्रीनचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. क्लिअरटाइप त्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून आडव्या दिशेने जास्त बारकावा मिळवतं. इंग्रजीला याचा भरपूर फायदा होतो, कारण त्यांच्या अक्षरांत उभ्या दांड्या जास्त. आपल्यालाही काना त्यामुळे नेटका दिसतो. पण आपली खरी गर्दी उभ्या दिशेने आहे, मजल्यांची. जुन्या पद्धतीच्या प्रोग्राममध्ये क्लिअरटाइप त्या दिशेला काहीच करत नाही. दाट स्क्रीन मात्र दोन्ही दिशांना पिक्सेल वाढवते. म्हणून मला वाटतं की दाट स्क्रीनची गरज कोणाला असेल तर ती देवनागरी वाचणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त आहे. फक्त तिचं स्केल नीट लावायला हवं.

ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान मोठं होतं हे तुम्हाला माहीत असेलच, आणि ब्राउझर ते त्या साइटपुरतं लक्षातही ठेवतो. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट फायरफॉक्समध्ये आहे. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड'वर गेलात की वर लिपी निवडता येते. तिथे देवनागरी निवडा, हवा तो फॉन्ट द्या आणि 'मिनिमम फॉन्ट साइज' १८ नाहीतर २० करा. मराठी म्हणून ओळखलेल्या पानांवर मग अक्षर त्याच्या खाली उतरणारच नाही. क्रोममध्येही किमान माप ठरवता येतं, पण ते सरसकट, तिथे लिपीवार निवड नाही.

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर थोडं रेंगाळतो, कारण हा माझा आवडता कोपरा आहे. विंडोजवर मराठी पहिल्यांदा नीट दिसली ती विंडोज २००० मध्ये, 'मंगल' फॉन्टमुळे. तो केला र. कृ. जोशींनी, आपल्याच मराठीतले कवी आणि सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवायचे. मंगलला पुष्कळ लोक नावं ठेवतात, रुक्ष दिसतो म्हणतात. अहो, पण तो ज्या काळात केला त्या काळात एका मात्रेला तीन पिक्सेल मिळायचे. तीन पिक्सेलमध्ये वेलांटी ओळखू यावी ही कामगिरी आहे. पुढे विंडोज ८ सोबत 'निर्मला' आला, तो दाट स्क्रीनवर जास्त मोकळा दिसतो. गुगलवर फुकट मिळणाऱ्यांमध्ये 'मुक्ता' बारीक मापातही चांगला वाचता येतो, तो मुंबईच्या एक टाइपचा आहे, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला. 'नोटो सान्स देवनागरी'ही भरवशाचा.

आणि एक सापळा. फॉन्टचं माप १२ लिहिलं म्हणजे सगळे फॉन्ट सारख्या उंचीचे येतात असं नाही. विंडोजबरोबर येणारे 'कोकिळा' आणि 'अपराजिता' घ्या, आणि शेजारी निर्मला त्याच मापात ठेवा. कोकिळा लहान भावासारखी दिसेल. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टायपिंग करणारे लोक १६-१८ माप का घ्यायचे, त्याचं कारणही हेच, अक्षर चौकटीत लहान बसवलेलं असायचं. तेव्हा अर्जाच्या नमुन्यात 'फॉन्ट साइज १२' असं लिहिणाऱ्याने कुठल्या फॉन्टचे १२ तेही लिहावं. लिहीत नाहीत.

खिळ्यांच्या छपाईत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवायचे. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या देवनागरी टाइपाचं नाव आजही निघतं. त्या काळी प्रत्येक मापाचा साचा वेगळा कोरावा लागायचा. मोठं अक्षर आकसून लहान करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे कारागीर लहान मापात पोकळ जागा मुद्दाम मोकळ्या ठेवू शकायचा. कंप्युटरने एकच आराखडा सगळ्या मापांना लावला आणि ती सोय गेली. आता काही नव्या फॉन्टमध्ये मापाप्रमाणे आकार बदलण्याची व्यवस्था परत येतेय, पण देवनागरीत ती अजून फार दिसत नाही.

वजनही बघा. हल्ली सुंदर दिसावं म्हणून 'लाइट' वजनाचं अक्षर आणि त्याला फिकट करडा रंग देतात. दाट स्क्रीनवर पातळ रेघ खरोखरच पातळ निघते, पूर्वी ती किमान एक जाड पिक्सेल तरी असायची. 'रेग्युलर' किंवा 'मीडियम' घ्या आणि काळ्याच्या जवळ राहा. वेबच्या सुलभतेच्या नियमांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा फरक किमान ४.५ ला १ सांगितलाय. तो मोजणारी फुकट साधनं आहेत.

मामाचा निम्मा त्रास मात्र यातल्या कशानेच जात नाही, कारण लोक त्याच्याकडे अक्षरं आणतच नाहीत, अक्षरांचे फोटो आणतात. जुन्या फेरफाराचा स्कॅन, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. चित्रात फॉन्ट नसतो, त्यामुळे मोठं केलं की ताणलंच जातं. चित्र काढतानाच पिक्सेल पुरेसे नसतील तर पुढे कुठलीही स्क्रीन ते आणू शकत नाही. कागद स्कॅन करायचा तर ३०० डीपीआयवर करा. ए-फोरचं पान मग २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं आणि टिंब टिंबासारखं दिसतं. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो दाबून लहान केला जातो. पिन चिन्ह दाबून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मामाने दुकानात पाटीच लावलीय: 'कागद डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोतलं आडनाव चुकलं तं मले सांगू नका.'

शेवटचा भाग माझ्या भाईबंदांसाठी, म्हणजे जे अशा अर्जांच्या वेबसाइट लिहितात. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, निदान शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या ते कळेल.

पानावर भाषा 'एमआर' म्हणून जाहीर करा. त्याने ब्राउझरला लिपी कळते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. बहुतेक साइटवर १४ पिक्सेलचा कुठला तरी इंग्रजी फॉन्ट लिहिलेला असतो, त्यात देवनागरी नसतेच. मग ब्राउझर जे सापडेल ते लावतो आणि मराठी इंग्रजीपेक्षा बारीक दिसते. स्वतःचा देवनागरी फॉन्ट द्या, त्याला युनिकोडची ०९०० ते ०९७एफ ही हद्द बांधा आणि 'साइज-ॲडजस्ट' ११० ते ११५ टक्के ठेवा. इंग्रजीला धक्का न लावता फक्त मराठी वाढते. ओळीची उंची दीडपटीहून कमी नको, मी १.६ ठेवतो. आणि नाव भरायच्या चौकटीला पिक्सेलमध्ये उंची ठरवून देऊ नका. मी एका साइटवर असा खाना पाहिलाय, ज्यात रफार आणि वरचं टिंब चौकटीच्या कडेखाली कापलं जायचं. माणूस बरोबर लिहितोय आणि त्याला चुकीचं दिसतंय. तो मग बरोबर असलेलं 'दुरुस्त' करतो.

तपासताना 'टेस्ट टेस्ट' लिहून मोकळे होऊ नका. ही ओळ टाका: चोहोट्टा, वऱ्हाड, मूर्तींना, बोडे, बोंडे, वानखडे, वानखेडे, ०.८१, ०.८९. मग १४ इंची लॅपटॉप स्केल १०० टक्क्यांवर ठेवून, हातभर मागे सरकून, चाळिशीच्या पलीकडच्या कोणाला तरी ती मोठ्याने वाचायला सांगा. आमच्या ऑफिसात हे काम सुरक्षारक्षक काका करतात. मागच्या खेपेला त्यांनी दोन्ही आडनावं 'वानखडे' वाचली, आणि ते पान आम्ही त्या दिवशी चढवलं नाही.